जमिनीखालची चूल : उन्हेऱ्यापासून यलोस्टोनपर्यंत

माझी आजी रोह्याकडची. भातकापणी उरकली की ती दरवर्षी पालीजवळच्या उन्हेऱ्याला जायची, गुडघे शेकायला. सोबत शेजारपाजारच्या चार बायका, एक बैलगाडी, भाकऱ्या आणि सुकी मासळी. सहा-सात वर्षांची असताना मलाही एकदा नेलं होतं. कुंडातून वाफ निघत होती, पाण्याला गंधकाचा वास होता, आणि आजी गळ्यापर्यंत पाण्यात बसून डोळे मिटून होती. मी विचारलं, "आजी, हे पाणी कोण तापवतं?" ती म्हणाली, "खाली चूल आहे. ती कधी विझत नाही."

पुढे मी ठाण्याच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला. तिथे मी आजीचंच उत्तर जरा शहाण्या शब्दांत सांगायची. कोकणातली जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्याची आहे, म्हणून तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. मुलं परीक्षेत तसंच लिहायची आणि मी दोन पैकी दोन मार्क द्यायची.

2024 च्या सप्टेंबरात आम्ही दोघं मुलीकडे डेन्व्हरला होतो. जावयांनी गाडी काढली आणि रोश हशानाच्या आधी आम्हांला यलोस्टोन दाखवून आणलं. खरीखुरी चूल मी तिथे पाहिली. आणि तिथेच कळलं की उन्हेऱ्याचं मी जे शिकवत आले ते चुकीचं होतं. ते नीट लिहून काढावं म्हणून हा लेख. दुसरंही एक कारण आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं आता अमेरिकेत आहेत, आईवडील गेले की यलोस्टोनचा बेत ठरतोच. आणि आपण कोकणातली माणसं, गरम पाणी दिसलं की पाय बुडवायला जातो. ही सवय तिथे जिवावर बेतू शकते. आमच्यावर बेतता बेतता राहिली.

आधी जागेबद्दल. यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान समजलं जातं. 1 मार्च 1872 ला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्या कायद्यावर सही केली. बहुतेक भाग वायोमिंग राज्यात, थोडा माँटाना आणि आयडाहोमध्ये. क्षेत्रफळ जवळजवळ 9,000 चौरस किलोमीटर. म्हणजे आपला अख्खा रायगड जिल्हा त्यात बसून वर जागा उरेल. या एवढ्या जागेत गरम पाण्याचे झरे, वाफेची भोकं, चिखलाची कुंडं आणि कारंजी मिळून दहा हजारांहून जास्त ठिकाणी जमिनीतून उष्णता बाहेर पडते. त्यातली पाचशेच्या आसपास उसळणारी कारंजी. जगात अशी जेवढी कारंजी आहेत त्यांतली निम्म्याहून जास्त एकट्या इथे.

या कारंज्यांना गीझर म्हणतात. आपल्याकडे गीझर म्हणजे बाथरूमच्या भिंतीवरचा, त्यामुळे आमच्या ह्यांना पहिला दिवसभर हसू येत होतं. पण मूळ शब्द आइसलंडमधल्या एका कारंज्याच्या नावावरून आला आहे. बाथरूममधल्याने तो नंतर उचलला.

आम्ही दक्षिणेच्या दरवाज्याने आत गेलो. आधी लागतं वेस्ट थंब, मोठ्या तळ्याच्या काठावर. तिथे पाण्यात एक दगडी शंकू आहे, त्याला फिशिंग कोन म्हणतात. जुन्या काळी लोक तळ्यात गळ टाकून ट्राउट पकडायचे आणि गळाला असतानाच तो मासा या शंकूतल्या उकळत्या पाण्यात शिजवायचे. ट्राउट खवल्यांचा मासा, म्हणजे आपल्यालाही चालणारा! आता अर्थात त्याला बंदी आहे. मला मात्र ते चित्र फार आवडलं, एकाच जागी उभं राहून थंड पाण्यातला मासा गरम पाण्यात.

तिथल्याच चिखलाच्या कुंडांपाशी मी बराच वेळ उभी राहिले. राखाडी, दाट चिखल, रटरट करतोय, मोठा बुडबुडा फुगतो, फुटतो, शिंतोडा उडतो. मुलीला म्हटलं, "हा तर आपला चिकाचा हलवा!" रोश हशानाला गव्हाचा चीक ढवळताना हातावर असा थेंब उडाला की काय होतं ते आपल्या बायकांना सांगायला नको. या कुंडांत पाणी थोडं आणि आम्ल जास्त असतं. त्या आम्लाने दगड झिजून त्याची माती होते आणि खालून येणारी वाफ ती ढवळत बसते.

गरम पाण्याच्या झऱ्याला तीन गोष्टी लागतात. पाणी, उष्णता आणि पाण्याला खाली उतरून पुन्हा वर यायला वाट. पाणी सगळीकडे पावसाचं किंवा बर्फाचंच. ते भेगांतून झिरपत खोल जातं, तापतं, हलकं होतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. फरक असतो तो तापतं कशाने यात.

यलोस्टोनमध्ये उत्तर सरळ आहे. खाली ज्वालामुखी आहे. जमिनीखाली काही किलोमीटरवर अतिशय तापलेल्या खडकाचा प्रचंड साठा आहे, आणि त्याच्याही खाली दुसरा, आणखी मोठा. सगळा साठा पातळ शिलारसाचा आहे असं मात्र नाही. मीही आधी खाली लाल रसाचा हौद कल्पिला होता. प्रत्यक्षात बराचसा खडक घट्टच आहे आणि वितळलेला भाग त्याच्या कणाकणांमध्ये मुरलेला आहे, शिऱ्यात तूप मुरावं तसा. या ज्वालामुखीचे तीन महास्फोट झाले, सुमारे 21 लाख, 13 लाख आणि 6 लाख 40 हजार वर्षांपूर्वी. शेवटच्या वेळी वरची जमीन खचून जे खोलगट कढईसारखं झालं ते साधारण 70 किलोमीटर लांब आणि 45 किलोमीटर रुंद आहे. आपण उद्यानात फिरतो ते बरंचसं या कढईतच, पण ती इतकी मोठी की कढईत आहोत हे कळत नाही. शेवटचा लाव्हा वाहिला त्यालाही 70,000 वर्षं झाली.

आता ओल्ड फेथफुल. अमेरिकेतलं हे सगळ्यांत प्रसिद्ध कारंजं. साधारण दीड तासाने एकदा उडतं, दीड ते पाच मिनिटं चालतं आणि शंभर ते एकशे ऐंशी फूट उंच जातं. पुढची वेळ पाटीवर लिहिलेली असते, दहा मिनिटं इकडेतिकडे. आम्ही बाकावर बसलो होतो. आधी नुसती थुंकी उडाल्यासारखं थोडं थोडं पाणी, मग अचानक सगळा खांब वर. माझ्या बारा वर्षांच्या नातवाने विचारलं, "आजी, हे सतत का नाही वाहत? थांबून थांबून का?"

इथे माझ्यातली शिक्षिका जागी झाली. त्याला प्रेशर कुकरची गोष्ट सांगितली. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी 100 अंशांच्या वर तापलं तरी उकळत नाही. जमिनीखालीही तसंच. वरच्या पाण्याच्या वजनाने खालचं पाणी दाबलेलं असतं. नॉरिस नावाच्या भागात शास्त्रज्ञांनी भोक पाडून पाहिलं, तेव्हा 332 मीटर खोलीवर 237 अंश सेल्सियस तापमान मिळालं. एवढं तापूनही पाणी दाबाखाली पाणीच राहतं. साध्या झऱ्यात हे पाणी मोकळ्या वाटेने वर येतं, निवतं, पुन्हा खाली जातं. गीझरची नळी मात्र मध्येच अरुंद असते. ओल्ड फेथफुलच्या नळीत कॅमेरा सोडला होता, तेव्हा सुमारे सात मीटर खोलीवर ती जेमतेम चार-साडेचार इंच रुंद असल्याचं दिसलं. तिथे पाणी अडकतं, खाली तापत राहतं. मग थोडं पाणी वर सांडलं की दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की खालचं सगळं पाणी एकदम वाफ व्हायला लागतं. कुकरची शिट्टी नव्हे, कुकरचं झाकणच उडतं. नळी रिकामी झाली की पुन्हा भरेपर्यंत शांत.

आणि ही अरुंद, मजबूत नळी पाण्याने स्वतःच बांधलेली असते. तिथल्या खडकात सिलिका पुष्कळ, म्हणजे जिच्यापासून काच बनते ती. गरम पाणी ती विरघळवतं आणि वर येताना भिंतींना लिंपून ठेवतं. उत्तरेला मॅमथ हॉट स्प्रिंग्ज म्हणून जागा आहे, तिथे खाली चुनखडी आहे, म्हणून तिथे चुन्याच्या पांढऱ्या पायऱ्या झाल्यात. आपल्या किटलीत पांढरा थर बसतो त्याचाच मोठा भाऊ.

या जागेच्या उंचीबद्दल इथेच सांगून टाकते. ओल्ड फेथफुल समुद्रसपाटीपासून 7,300 फुटांवर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ दोन हजार फूट वर. पाणी तिथे 93 अंशांनाच उकळतं आणि आपल्याला चार पावलं चाललं की दम लागतो. पहिल्या दिवशी काही पाहायला जाऊ नये, खोलीत आराम करावा, पाणी भरपूर प्यावं. आम्ही घाई केली आणि माझं डोकं रात्रभर दुखलं.

दुसऱ्या दिवशी ग्रँड प्रिझमॅटिक. तीनशे फुटांच्या आसपास रुंद आणि एकशेवीस फुटांहून खोल असं तळं. मध्ये गर्द निळं, मग हिरवं, पिवळं, नारिंगी, कडेला विटकरी. हे रंग दगडाचे नाहीत, जिवंत आहेत. मध्यभागी पाणी इतकं तापलेलं की तिथे रंगीत काही वाढत नाही, म्हणून नुसतं निळं. कडेकडेला जसं निवत जातं तसे वेगवेगळे सूक्ष्म जीव थर करून राहतात, प्रत्येकाचं आपलं तापमान ठरलेलं.

या सूक्ष्म जीवांचं आपल्यावर ऋण आहे. 1966 मध्ये थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञाला यलोस्टोनच्या एका झऱ्यात 70 अंशांच्या पाण्यात मजेत राहणारा जिवाणू सापडला. तोवर एवढ्या उष्णतेत कोणी जगेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. पुढे 1983 मध्ये कॅरी मलिस यांनी पीसीआर ही तपासणीची पद्धत शोधली. तिच्यात द्रव पुन्हा पुन्हा तापवावा लागतो, आणि साधी रसायनं त्या उष्णतेत निकामी होतात. यलोस्टोनच्या त्या जिवाणूतलं रसायन मात्र टिकलं. मलिस यांना 1993 चं नोबेल मिळालं. कोविडच्या वेळी आपल्या नाकात काडी घालून जी तपासणी केली ती हीच. ठाण्यात रांगेत उभं राहताना मला कुठे माहीत होतं की या तपासणीचं मूळ वायोमिंगच्या उकळत्या पाण्यात आहे!

तर त्या तळ्याच्या कडेने लाकडी फळ्यांची वाट आहे. बहुतेक ठिकाणी कठडा नाही. वारा होता. ह्यांची टोपी उडाली आणि वाटेपासून हातभर अंतरावर, पांढऱ्या सपाट जमिनीवर पडली. टोपी मुलीने आणलेली, नवीन. हे काही न बोलता वाकले आणि एक पाय खाली टाकायला निघाले. मला वाटलं त्यात काय, हातभर तर आहे! मागून एका अमेरिकन बाईने ह्यांचा शर्ट धरून इतक्या जोरात ओढलं की हे फळ्यांवर बसलेच. मुलगी किंचाळली. आधी मला त्या बाईचा रागच आला.

मग रेंजर आला. लांब काठीच्या चिमट्याने टोपी उचलून दिली आणि शांतपणे समजावलं. ती पांढरी जमीन म्हणजे सिलिकाची पातळ साय आहे. कुठे ती फूटभर जाड असते, कुठे बोटभर, वरून कळत नाही. खाली उकळतं पाणी. आतापर्यंत वीसहून जास्त माणसं या उद्यानात भाजून मेली आहेत. 2016 मध्ये नॉरिसला एक तेवीस वर्षांचा मुलगा अंघोळीला जागा शोधत वाट सोडून गेला आणि कुंडात पडला. त्याचं शरीरही मिळालं नाही, कारण ते पाणी उकळतं आणि आम्ल दोन्ही होतं. तेवीस वर्षांचा तरुण वाचला नाही, तिथे आमचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे हे एका टोपीसाठी उतरत होते. त्या बाईचे मी दोन्ही हात धरले. इंग्रजीत काय बोलले ते आता आठवत नाही.

टोपी, चष्मा, फोन, काहीही पडलं तरी तिथेच राहू द्या आणि रेंजरला सांगा. वाहणारं पाणी कोमट दिसलं तरी हात लावू नका. सकाळी लवकर फळ्यांवर दव नाहीतर बर्फाचा पापुद्रा असतो, काठी न्या, आणि ज्याचे गुडघे कच्चे त्याने खुशाल व्हीलचेअर घ्यावी. ओल्ड फेथफुलभोवतीची वाट त्यासाठी चांगली आहे. लाज कसली?

दुसऱ्या एका ठिकाणी, बिस्किट बेसिनला, वाटच बंद होती. 23 जुलै 2024 ला, म्हणजे आम्ही जायच्या दीड-दोन महिने आधी, तिथे जमिनीखालच्या पाण्याची अचानक वाफ होऊन स्फोट झाला, दगड उडाले, फळ्यांची वाट मोडली. लोक पळाले, सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच आलं होतं, यलोस्टोन फुटणार, अमेरिका संपणार, मुलांना परत बोलवा. तो ज्वालामुखीचा स्फोट नव्हता. वाफेचा होता, कुकर फाटतो तसा. ज्वालामुखीवर तिथले शास्त्रज्ञ सतत लक्ष ठेवून असतात. भूकंप तर दरवर्षी हजार-दोन हजार होतात, बहुतेक इतके बारीक की उभ्या माणसाला कळत नाहीत. महास्फोटाची शक्यता ते एका वर्षात सुमारे सात लाखांत एक अशी सांगतात. मुलांना परत बोलवायचं असेल तर दुसरं कारण शोधावं लागेल.

त्या रात्री खोलीवर नातवाने विचारलं, "आजी, तू लहानपणी गेलेलीस तिथे पण खाली व्होल्कॅनो आहे?" मी म्हटलं, हो तर. त्याने लगेच फोनवर शोधलं आणि म्हणाला, "नाही आहे." मी वाद घातला. मग चष्मा लावून स्वतः वाचायला बसले, आणि परत आल्यावर ठाण्याच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचलं.

नातू बरोबर होता. कोकणचा काळा कातळ लाव्ह्याचाच, ते मी खरं शिकवलं. पण तो लाव्हा वाहिला 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. एवढ्या काळात तो कधीच थंड झाला. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते ज्या चुलीवर तो तापला ती आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजूनही अधूनमधून लाव्हा ओकतो. चूल जागची हलली नाही, भारताची जमीन तव्यासारखी तिच्यावरून सरकत उत्तरेला गेली. यलोस्टोनचंही तसंच आहे. अमेरिकेची जमीन नैर्ऋत्येकडे सरकते आहे, त्यामुळे या चुलीच्या जुन्या खुणा आयडाहोपासून पार नेवाडा-ऑरेगनच्या सीमेपर्यंत मिळतात, सुमारे 1 कोटी 60 लाख वर्षांच्या. फरक एवढाच की ते आज चुलीच्या वर आहेत आणि आपण केव्हाच उतरलो.

मग उन्हेऱ्याचं पाणी तापतं कशाने? नुसत्या खोलीने. पृथ्वी आतून गरमच आहे, जन्मापासूनची उष्णता आणि खडकांतल्या किरणोत्सर्गी द्रव्यांची. खाली जावं तसं दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश तापमान वाढतं, कोकणपट्टीत त्याहूनही जास्त. पश्चिम किनाऱ्याला समांतर जमिनीत मोठमोठ्या भेगा आहेत. पावसाळ्यातलं पाणी त्यांतून एक-दोन किलोमीटर खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. म्हणूनच आपले झरे विखुरलेले नाहीत, एका रांगेत आहेत. पालघरकडचं सातिवली, मग अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी, आपलं उन्हेरे, महाडजवळचं सव, खेड-दापोलीकडची उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, राजापूर. नकाशावर एकेक ठिपका देत गेलात तर तीनशे किलोमीटरची ओळ होते. मी इतकी वर्षं हा नकाशा फळ्यावर काढत होते आणि ते ठिपके ओळीत का आहेत हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही!

अमेरिकेतही आपल्यासारखे झरे आहेत. आर्कान्सा राज्यातलं हॉट स्प्रिंग्ज गाव घ्या. पाणी 62 अंशांचं, खाली ज्वालामुखी नाही. तिथल्या पाण्याचं वय मोजलं तेव्हा ते सुमारे 4,400 वर्षांपूर्वी पडलेल्या पावसाचं निघालं. हळूहळू दोन किलोमीटरच्या आसपास खोल उतरलं आणि वर मात्र झपाट्याने आलं. परंपरेच्या हिशोबाने हा पाऊस आपल्या बाप अब्राहामाच्याही आधीचा.

आणि तिबेरिया? इस्राएलात गेलेल्या कितीतरी जणांनी तिथल्या गरम पाण्याचा लाभ घेतला असेल. जवळच जुन्या सिनेगॉगची रंगीत फरशी आहे ती पाहिली असेल. त्या झऱ्यांखालीही ज्वालामुखी पेटलेला नाही. मृत समुद्रापासून उत्तरेला गेलेली जी मोठी भेग आहे, तिच्यातून खोलवरचं पाणी वर येतं. उन्हेऱ्याची तऱ्हा तीच.

गंमत अशी की हे पाणी कशाने तापतं हा वाद आपल्या रब्बींनीही घातला होता. मिश्नामध्ये आहे की तिबेरियाच्या लोकांनी गरम झऱ्यातून थंड पाण्याची नळी नेली, म्हणजे शब्बाथला आयतं ऊन पाणी मिळेल! ती युक्ती रब्बींनी मान्य केली नाही. मग तल्मूदमध्ये प्रश्न निघतो की या झऱ्यात शब्बाथला काही शिजवलं तर ते विस्तवावर शिजवल्यासारखं धरायचं का? कारण शब्बाथला मना आहे ते विस्तवाचं. बाकीच्यांचं म्हणणं, ही उष्णता सूर्याची. रब्बी योसे म्हणाले, नाही, हे पाणी गेहिन्नोमच्या दारावरून वाहत येतं, म्हणून विस्तवाचीच. वज्रेश्वरीला आपले हिंदू शेजारी सांगतात की ते पाणी म्हणजे देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त. माझी आजी चूल म्हणायची. मला यात कोणाला हसावंसं वाटत नाही. पाणी खालच्या कशाने तरी तापतं, हे आजीने आणि रब्बी योसेंनी बरोबर ओळखलं होतं. तिबेरियाला नि उन्हेऱ्याला सूर्यही नाही आणि विस्तवही नाही, खोली आहे. रब्बी योसेंचं उत्तर यलोस्टोनला मात्र तंतोतंत लागू पडतं.

अंघोळीचं राहिलं. यलोस्टोनच्या कुठल्याही झऱ्यात उतरायला बंदी आहे. पण परत येताना आम्ही पूर्वेच्या दरवाज्याने कोडीमार्गे थर्मोपोलिस या छोट्या गावी थांबलो. तिथे मोठा झरा आहे. 1896 मध्ये शोशोनी आणि अरापाहो या मूळ रहिवाशांकडून सरकारने ही जमीन घेतली. तेव्हापासून लोकांसाठी इथे फुकट अंघोळीची सोय आहे, आणि ती आजही चालू आहे. सरकारी स्नानगृहात पाणी निववून 104 फॅरनहाइट, म्हणजे 40 सेल्सियसवर ठेवतात आणि वीस मिनिटांत बाहेर यायचं असा नियम आहे. हा झराही खोलीनेच तापलेला आहे.

वीस मिनिटांचा नियम आपल्या वयाला फार योग्य आहे. गरम पाण्यात शिरा सैल होतात, रक्तदाब उतरतो, आणि झटकन उभं राहिलं की भोवळ येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आणखीनच. मधुमेहाने ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे त्यांनी आधी कोणाला तरी हात घालून पाहायला सांगावं. हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नये. उघड्यावरच्या नैसर्गिक झऱ्यात कुठेही डोकं बुडवू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये. अशा कोमट पाण्यात क्वचित एक अमीबा असतो, नाकावाटे मेंदूत गेला तर माणूस सहसा वाचत नाही. उन्हेऱ्याला आजी गळ्यापर्यंतच बसायची. डोकं बुडवलेलं तिला आवडत नसे, तिचं कारण केस ओले होतात हे होतं.

आम्ही चौघं पाण्यात बसलो. तोच गंधकाचा वास. ह्यांनी टोपी बाहेर बाकावर काढून ठेवली होती आणि दर मिनिटाला तिच्याकडे बघत होते. मी नातवाला म्हटलं, तुझ्या खापरपणजीने हे पाणी पाहिलं असतं तर तिने इथेच मुक्काम ठोकला असता. इतक्यात मुलीने वीस मिनिटं झाल्याचं सांगितलं. हे उठायला तयार नव्हते.

"उन्हेऱ्याला," हे म्हणाले, "कोणी घड्याळ लावत नसत."